विश्लेषण : पूर्णेत धुरके दिसते, मग मोबाइलवर हवा ‘समाधानकारक’ कशी?

थंडी पडली आणि ऊसतोडीला वेग आला, की पूर्णा परिसरात सकाळी आठ-साडेआठपर्यंत शिवारावर करडा थर दिसू लागतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास येतो. मोबाइलवर मात्र ‘पूर्णा’ या नावापुढे हिरवट रंग आणि ‘समाधानकारक’ असा शेरा झळकतो. मग खरे काय मानायचे, डोळ्यांना दिसते ते की स्क्रीनवर दिसते ते?

थोडक्यात उत्तर असे : पूर्णेची हवा पूर्णेत मोजलीच जात नाही. जे मोजले जाते तेही २४ तासांच्या आणि वर्षाच्या सरासरीत विरघळते. इथला धूर मात्र ठरावीक महिन्यांचा आणि ठरावीक तासांचा आहे. ही फट नेमकी कशी पडते आणि ती बुजवण्यासाठी काय करता येईल, ते पाहू.

मोबाइलवरचा आकडा येतो कुठून?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवा अखंड मोजणारी केंद्रे परभणी आणि नांदेड या शहरांत आहेत. पूर्णा दोन्हींपासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. पूर्णा शहरात असे केंद्र नाही. तरीही अ‍ॅपमध्ये पूर्णेचा आकडा दिसतो, कारण तो मोजलेला नसून काढलेला असतो. उपग्रहाची निरीक्षणे, हवामानाचा अंदाज, आसपासच्या केंद्रांच्या नोंदी आणि उत्सर्जनाचे ठोकताळे एकत्र करून संगणकीय मॉडेल तो आकडा तयार करते.

अशा मॉडेलचा उपयोग आहे, पण त्याची नजर जाड असते. उदाहरणार्थ, युरोपच्या कोपर्निकस सेवेचे जागतिक मॉडेल पृथ्वीची विभागणी साधारण ४० किलोमीटरच्या चौकोनांत करते. नांदेड आणि पूर्णा अशा एकाच चौकोनात मावू शकतात. त्या चौकोनाला एकच आकडा मिळतो. पूर्णेजवळच्या दोन एकर फडात सायंकाळी सात वाजता पेटलेले पाचट त्यात दिसत नाही.

मग उपग्रहाला तरी आग दिसत नाही का? दिसते, पण तो वर असेल तेव्हा. शेतातील आगी टिपणारे ‘व्हीआयआयआरएस’ हे उपकरण असलेले उपग्रह आपल्याकडून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. दिवेलागणीला पेटवलेले आणि दोन-तीन तासांत विझलेले रान या दोन फेऱ्यांच्या मधे निसटते. त्यामुळे नकाशावर लाल ठिपका नाही, म्हणजे आग लागलीच नाही, असे म्हणता येत नाही.

सरासरीत सकाळ कशी हरवते?

देशाचा हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजेच एक्यूआय, एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो आणि ज्याची स्थिती सर्वात वाईट, त्याचाच आकडा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० खराब, ३०१ ते ४०० अति खराब आणि त्यापुढे गंभीर, अशी प्रतवारी आहे.

धुराच्या बाबतीत महत्त्वाचे असतात ते पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाच्या केसाच्या जाडीच्या जवळपास तिसाव्या भागाएवढे. ते नाकात किंवा घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. भारताच्या २००९ च्या मानकानुसार २४ तासांच्या सरासरीत त्यांचे प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, तर वार्षिक सरासरी ४० च्या आत असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा २४ तासांसाठी १५ आणि वर्षासाठी ५ इतकी खाली आणली.

आता केवळ गणित समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या दिवशी पहाटे पाच ते सकाळी नऊ या चार तासांत पीएम २.५ चे प्रमाण १५० होते आणि उरलेले २० तास ३५. चार गुणिले १५० म्हणजे ६००, वीस गुणिले ३५ म्हणजे ७००. एकूण १३०० ला २४ ने भागले की सरासरी येते सुमारे ५४. म्हणजे ६० च्या आत. निर्देशांकात ही हवा ‘समाधानकारक’ गटात बसते. शाळेसाठी सायकलवर निघालेल्या मुलीने, दूध घालायला आलेल्या माणसाने आणि फिरायला बाहेर पडलेल्या आजोबांनी मात्र १५० ची हवा घेतलेली असते.

वर्षाच्या सरासरीत तर आणखी गंमत होते. जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो. त्या चार स्वच्छ महिन्यांनी डिसेंबर-जानेवारीचा आकडा झाकला जातो. कागदावर गाव सुरक्षित राहते.

हिवाळ्यातच धूर का साचतो?

दिवसा ऊन जमिनीला तापवते, जमिनीलगतची हवा गरम होऊन वर जाते आणि तिच्याबरोबर धूरही वर जाऊन पसरतो. उन्हाळ्यात ही घुसळण दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचते. हिवाळ्यात आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि रात्र मोठी. सूर्य मावळताच जमीन झपाट्याने निवते. तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. भांड्यावर झाकण ठेवावे तसा हा प्रकार आहे. यालाच तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात.

परभणी जिल्ह्याचे नाव दरवर्षी थंडीच्या बातम्यांत झळकते. कडाक्याच्या थंडीच्या त्याच रात्रींत हे झाकण सर्वात घट्ट बसते. त्यात पूर्णा हे नदीकाठचे गाव. पूर्णा नदी पुढे तालुक्यातच गोदावरीला मिळते. थंड हवा पाण्यासारखी उताराने सखल भागाकडे सरकते आणि धूरही सोबत आणते. सायंकाळी लागलेला धूर त्यामुळे दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत गावातच मुक्कामी असतो. दुपारी बारा वाजता आभाळ निळे दिसते, म्हणून रात्रभर काही घडलेच नाही असे वाटते.

पूर्णेचे धुराचे कॅलेंडर कसे आहे?

ऑक्टोबर : सोयाबीनची काढणी आणि मळणी. मळणी यंत्राभोवतीची धूळ, उरलेले भुसकट पेटवणे आणि दिवाळीचे फटाके.

नोव्हेंबर ते मार्च : ऊसतोड आणि गाळप. येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्याने या पट्ट्यात ऊस आणला. तालुक्यात कानडखेडला साखर कारखाना आहे, शेजारी वसमतलाही आहे. काही ठिकाणी तोड सोपी जावी म्हणून उभा फड पेटवला जातो, तर अनेक ठिकाणी तोडणीनंतर पाचट. त्यात घरोघरच्या चुली आणि शेकोट्या.

जानेवारी ते एप्रिल : कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या. चुलीला लागतील तेवढ्या घरी येतात, उरलेल्यांचा ढीग बांधावरच पेटतो. फेब्रुवारीपासून वसमत-पूर्णा भागात हळद शिजवण्याच्या भट्ट्या लागतात.

डिसेंबर ते मे : वीटभट्ट्या. पावसाळा सोडला तर नदीकाठच्या गाळाच्या मातीवर हा धंदा चालतो.

मार्च ते मे : धुरे-बांध पेटवणे आणि वावटळीची धूळ. या काळात हवा वर जाते म्हणून धूर कमी साचतो, पण पीएम १० म्हणजे जाड धूळ वाढते.

यातला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात अवघड. धूर सर्वाधिक आणि झाकण सर्वात घट्ट, या दोन्ही गोष्टी तेव्हाच एकत्र येतात.

हा धूर नांदेडचा की पूर्णेचा?

दोन्हींचा. हिवाळ्यात मराठवाड्यात वारा बहुधा ईशान्य-पूर्वेकडून आणि मंद वाहतो. नांदेड पूर्णेच्या पूर्वेला आहे. तिथली वाहने, बांधकामे आणि कचरा यांचा वाटा या वाऱ्याबरोबर इकडे येऊ शकतो. पण पहाटेचा, वास येणारा, डोळ्यांना झोंबणारा धूर बहुतांश जवळचाच असतो, कारण त्या वेळी वारा जवळपास थांबलेला असतो.

उलट दिशेचा व्यवहारही लक्षात घ्यायला हवा. गावाकडच्या विटा शहराच्या बांधकामांवर जातात, उसाची साखर आणि कापसाच्या गाठी बाहेर जातात. वस्तू शहरात पोहोचते, ती तयार करतानाचा धूर गावात राहतो. रेल्वे जंक्शन म्हणून वाढलेल्या पूर्णेला कोळशाच्या इंजिनांचा धूर एके काळी परिचयाचा होता. ती इंजिने गेली, तसा तो धूरही गेला. शेताचा आणि भट्टीचा धूर मात्र राहिला.

शेतकरी पेटवतो तरी का?

हौसेने कुणी रान पेटवत नाही. उसाचा खोडवा ठेवायचा तर बुडखे मोकळे हवे असतात. पाचटात पाणी नीट फिरत नाही, उंदीर होतात, आंतरमशागत अडते. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. सोयाबीननंतर हरभरा पेरायचा तर ओल उडण्याआधी रान तयार लागते. हातात दहा-पंधरा दिवस असतात आणि काडेपेटी सर्वात स्वस्त पडते.

कापसाची गोष्ट आणखी वेगळी. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापूस उत्पादकांचे कंबरडे मोडले. अळीचे जीवनचक्र तोडायचे तर फरदड घेऊ नये आणि पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नयेत, असा सल्ला कृषी विभाग देतो. तो सल्ला बरोबरच आहे. पण उपटलेल्या पऱ्हाट्यांचे करायचे काय, याची सोय बांधावर नसेल तर सल्ल्याचा शेवट धुरात होतो.

आणि सायंकाळीच का? कारण तेव्हा वारा पडलेला असतो. शेजारच्या उभ्या उसात ठिणगी जाऊ नये म्हणून शेतकरी मुद्दाम शांत वेळ निवडतो. वारा पडलेला असतो म्हणून आग आवाक्यात राहते, आणि वारा पडलेला असतो म्हणूनच धूरही गावात राहतो. म्हणजे शेजाऱ्याच्या पिकाची काळजी घेताना शेजाऱ्याच्या फुप्फुसाचे नुकसान होते. केवळ ‘जागृती करा’ म्हणून हा पेच सुटणारा नाही.

जाळण्यात नुकसान कुणाचे?

पहिले नुकसान शेतकऱ्याचेच. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते जाळले की त्यातील सेंद्रिय कर्ब आणि नत्र हवेत जाते, वरच्या थरातील जिवाणू मरतात. तेच पाचट सरीत ठेवून टनाला साधारण ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक दिले, तर ते हळूहळू कुजते. तोपर्यंत आच्छादनाचे काम करते, त्यामुळे पाणी कमी लागते आणि तण दबते. मराठवाड्यात पाण्याची बचत ही केवळ पर्यावरणाची नव्हे, पिकाच्या जगण्याची गोष्ट आहे.

दुसरे नुकसान आरोग्याचे. पाचट पेटवणारा स्वतः, भट्टीवर पथारी टाकून राहणारी मजूर कुटुंबे, फडाशेजारच्या कोप्यांत झोपणारी ऊसतोड कामगारांची लेकरे, हे सगळे धुराच्या सर्वात जवळ असतात. दम्याचे रुग्ण, गरोदर महिला, वृद्ध आणि लहान मुले यांना त्रास आधी होतो. यांच्यापैकी कुणाचीही हवा कुठल्याही यंत्रात नोंदली जात नाही.

नियम काय सांगतात?

नियम आहेत. हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९८१ चा. त्याच्या कलम १९ नुसार, हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात इंधनाखेरीज इतर वस्तू जाळण्यास राज्य सरकार अधिसूचनेद्वारे मनाई करू शकते. कचऱ्याच्या बाबतीत २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साध्या प्रकरणात ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली. वीटभट्ट्यांसाठी केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या नियमांत वस्ती आणि फळबागांपासून किमान ८०० मीटर अंतर, दोन भट्ट्यांत एक किलोमीटर अंतर, आणि टायर, प्लास्टिक, पेटकोक जाळण्यास बंदी अशा तरतुदी आहेत.

शेतातील अवशेष जाळण्यावर कडक दंड आहे तो दिल्लीभोवतीच्या राज्यांत. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो दुप्पट होऊन दोन एकरांपर्यंत ५ हजार, पाच एकरांपर्यंत १० हजार आणि त्यापुढे ३० हजार रुपये झाला. तो इथे जसाच्या तसा आणावा का? आमच्या मते, नाही. पर्याय हातात न देता दंड लावला की आग थांबत नाही, ती आणखी उशिरा, आणखी अंधारात लागते. म्हणजे झाकण घट्ट बसलेल्या वेळेतच.

सरकारी योजनांत पूर्णा कुठे?

केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात देशातील सुमारे १३० शहरे आहेत, महाराष्ट्रातील १९. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांना हवेसाठी स्वतंत्र निधी दिला. या चौकटीत नांदेड आणि परभणी बसली नाहीत, तर पूर्णेसारख्या नगरपरिषदेच्या गावाचा प्रश्नच येत नाही.

कारण सरळ आहे. यादीत येण्यासाठी मानक ओलांडल्याच्या काही वर्षांच्या नोंदी लागतात आणि नोंदींसाठी केंद्र लागते. केंद्र नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून प्रश्न नाही आणि प्रश्न नाही म्हणून निधी नाही. लहान गावांची हवा चांगली आहे असे कुणी सिद्ध केलेले नाही. ती तपासायची तसदी घेतलेली नाही, एवढेच.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, मोजा. पूर्ण क्षमतेच्या केंद्राला कोटीच्या घरात खर्च येतो, तो प्रत्येक तालुक्याला झेपणार नाही. पण लेझरवर चालणारे छोटे सेन्सर त्या मानाने फार स्वस्त आहेत. धुके आणि दमट हवेत ते आकडा वाढवून दाखवतात, ही त्यांची मर्यादा. म्हणून ते आधी परभणी किंवा नांदेडच्या केंद्राशेजारी काही आठवडे ठेवून पडताळून घ्यावेत आणि मग पूर्णेत ग्रामीण रुग्णालय, एखादी शाळा आणि नगरपरिषद अशा ठिकाणी बसवावेत. आकडा २४ तासांचा नव्हे, दर तासाचा जाहीर करावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढे चार महिने मोजले तरी चित्र स्पष्ट होईल.

दुसरी, यंत्र वेळेवर पोहोचवा. पाचट कुट्टी यंत्र आणि पऱ्हाटी बारीक करणारे श्रेडर यांना यांत्रिकीकरण योजनेत अनुदान आहे, महाडीबीटीवर अर्ज होतात. पण निवड होऊन यंत्र येईपर्यंत हंगाम उलटतो. दोन एकरवाल्याला स्वतःचे यंत्र परवडतही नाही. गरज आहे ती गावोगावच्या अवजार बँकेत भाड्याने मिळणाऱ्या यंत्राची, आणि तेही तोडणीच्या पंधरवड्यात. कुठल्या गावात तोड कधी होणार हे कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमात आधीच ठरलेले असते. टोळीच्या मागोमाग कुट्टी यंत्र, अशी सांगड घालायला नवा कायदा लागत नाही.

तिसरी, इशारा द्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आठवड्यात दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. तो शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पोहोचतो. त्यात ‘पुढील तीन रात्री वारा शांत राहील, शेतात काही पेटवू नये’ एवढी एक ओळ वाढवली तरी अनेक आगी टळतील.

चौथी, जे आजच बेकायदा आहे ते थांबवा. कचऱ्याचे ढीग पेटवणे आणि भट्टीत टायर-प्लास्टिक घालणे यासाठी सेन्सरची वाट पाहायची गरज नाही. नगरपरिषद, महसूल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी हिवाळ्यात सकाळच्या वेळी फेरी मारली तरी पुरे.

तुम्ही काय कराल?

हिरवा रंग पाहून निश्चिंत होऊ नका. अ‍ॅपमध्ये आकड्याखाली केंद्राचे नाव आणि अंतर दिले आहे का, ते पाहा. नाव नसेल तर तो अंदाज समजा. धुराचा वास येत असेल तेव्हा फिरणे किंवा व्यायाम ऊन चढल्यावर करा. सायंकाळी खिडक्या लावा, दुपारी उघडा. रुमाल किंवा ओढणी सूक्ष्म कण अडवत नाही, दमा असलेल्यांनी बाहेर पडताना एन ९५ मास्क वापरावा. इनहेलर सुरू असेल तर थंडीत मनाने बंद करू नका. शेकोटीत प्लास्टिक टाकू नका आणि लहान मुलांना तिच्या धुरात बसवू नका.

मात्र खिडकी लावणे हा सार्वजनिक प्रश्नावरचा तोडगा नव्हे. नळाला गढूळ पाणी आले तर पूर्णेतील नागरिक नगरपरिषदेत जाऊन जाब विचारतात, कारण पाणी गढूळ आहे हे दाखवता येते. हवेच्या बाबतीत तसा पुरावा हातात नाही. तो मिळावा म्हणून पुढचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी पूर्णेत दर तासाची मोजणी सुरू व्हावी, ही मागणी लोकप्रतिनिधी आणि जिल्हा प्रशासनाकडे आत्ताच करायला हवी.